ओढणीआडचा सिनेमा

चि. भाऊ पुंजो यास,

कराचीत तू पोराबाळांसह सुखात आहेस असं धरून चालते आणि थोरल्या बहिणीचे आशीर्वाद पाठवते. गुडघा काय म्हणतो? वहिनीचा खोकला गेला का? (अक्षर माझं आहे. चुका नात केसरच्या, कारण लिहायला तिनंच शिकवलं.) इकडे देवाची कृपा. पाऊस बरा झाला, शेळीला जुळी झाली आणि मी सिनेमात गेले.

हो, सिनेमात! दिवाळीनंतर तुमच्या कराचीत लागणार आहे आणि इथं सगळं गाव दिवस मोजतंय. लाहोरची मेहरीन नावाची पोरगी आली, म्हणाली, थरच्या वाळवंटातल्या हिंदूंवर सिनेमा काढायचाय. मी म्हटलं, बाई गं, आम्ही काय केलं? ती म्हणाली, मावशी, तुम्ही इथं आहात, एवढंच दाखवायचंय. आता इथं नसून आम्ही जाणार कुठं? पण बोलली गोड, म्हणून ताक दिलं.

पहिल्याच दिवशी तिनं मला खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या चढवल्या, चित्रातल्या बायकांना असतात तशा. मी काढून तिच्या हातात ठेवल्या. म्हटलं, नवरा गेला त्या दिवशी उतरवल्या, त्या आता तुझ्या सिनेमासाठी घालू? पोरीनं स्वतःचे कान धरले आणि सिनेमातली बाईच विधवा करून टाकली. माझा नवरा व्हायला लाहोरहून एक नट आला होता, मिशीला तेल लावून. बिचारा माझ्या बांगड्यांपायी मेला आणि संध्याकाळच्या बसनं परत गेला. (जाताना माझ्या पाया पडला. सिनेमातला का होईना, नवरा पाया पडलेला पहिल्यांदाच पाहिला.)

खरी पंचाईत पुढेच. आमचे मोठे दीर (नाव लिहीत नाही, तुला ठाऊक आहे) कॅमेऱ्याशेजारी खाट टाकून बसले. वय ब्याऐंशी, पण हलायचं नाव नाही. मेहरीन म्हणायची, मावशी, वर बघा. मी वर बघायची, दीर दिसायचे आणि हात आपसूक ओढणी हनुवटीपर्यंत ओढायचा. अकरा वेळा झालं असं. मेहरीनला वाटलं, मी कॅमेऱ्याला लाजते. तिनं त्या कॅमेऱ्याशी माझी ओळख करून दिली! कारण सांगावं तर दिरांना ऐकू जाईल असं बोलायची सोय नाही. सेहेचाळीस वर्षं आमचं बोलणं शेळीमार्फत चालतं. त्यांना चहा हवा असला की ते शेळीला विचारतात, काय गं, घरातली पत्ती संपली काय? मीही तिलाच सांगते, उकळतोय, जरा दम धर. (ही सातवी शेळी. तिला वाटतं, घर तीच चालवते.)

शेवटी शेजारीण मुरादखातून भडकली. तिचंही काम होतं, आणि ओठांचा रंग उतरत चालला होता. ओरडली, "अगं लाहोरवाली, आधी त्या म्हाताऱ्याला उठव! तो बसलाय तोवर ही देवालासुद्धा तोंड दाखवायची नाही!" दीर उठले. शेळीला म्हणाले, "चल बाई, आपल्यापायी लोकांचं काम अडलंय." आणि समोरच्या वाळूच्या टेकाडावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. भर उन्हात, तीन तास. इथून नुसता फेटा दिसत होता.

पुंजो, साप चावून हे गेले तेव्हा चार पोरं, त्यातली धाकटी अंगावर पिणारी. चौघांना दिरांनी वाढवलं. दुष्काळात कालव्याच्या मुलखाकडे चालत निघालो, तेव्हा धाकटी त्यांच्या खांद्यावर होती आणि मी दहा पावलं मागे. इतक्या वर्षांत मी पाहिल्या त्या त्यांच्या टाचा, त्यांनी पाहिली ती माझी ओढणी. उपकार मानायला वाटच नव्हती रे. शेळीला सांगून होतं का असलं काही?

आता आम्ही सगळे सिनेमा बघायला तुझ्याकडे येतोय, दीरसुद्धा. पण काल त्यांनी शेळीला ठणकावून सांगितलं, "घरच्या सुनेचं तोंड पडद्यावर आलं की मी डोळे मिटून घेणार." अरे, मी अर्ध्या सिनेमात आहे!

तुझी बहीण,
नेणू

ता. क. मुरादखातूनला कडेची खुर्ची दे. स्वतःचं काम आलं की ती उठून सगळ्यांना सलाम करणार आहे.

आणखी एक. पत्र खरं तर याचसाठी लिहिलं. दिरांशेजारी तू बस, मी मागच्या रांगेत बसेन. शेळीला काही कराचीला आणत नाही, म्हणून हे काम तुझ्याकडे. त्या दिवशी मेहरीन म्हणाली होती, मावशी, ज्याचे उपकार फिटायचे नाहीत, अशा माणसाकडे बघता तसं बघा. मी टेकाडावरच्या फेट्याकडे बघितलं. तेव्हा पडद्यावर माझं तोंड आलं की त्यांच्या कानात हळूच सांग, डोळे उघडा, ती तुमच्याकडेच बघतेय.