आधी पाऊल कुणाचं

८ जानेवारी १९५७
परळची खोली दाखवली. नवरा-बायको, बरोबर सासू. दाराशी पोचलो तशी सासूबाई थबकल्या. "किल्ली सुनेकडे द्या, तिचं पाऊल आधी लागू दे." म्हणजे माझं नको. दिली. हे गेल्यापासून त्यांचा खोल्या दाखवायचा धंदा मीच चालवते, तेव्हा हे अंगवळणी पडलंय. गिऱ्हाईक आत, विधवा गॅलरीत. उन्हात उभी राहून राहून एक गाल काळा पडला असेल माझा.

अनसूया बरेच दिवस फिरकली नाही. घोडपदेवच्या खोल्या तीच दाखवते. आज तिचा नवरा तिच्याकडच्या किल्ल्या माझ्याकडे टाकून गेला. का, ते बोलला नाही.

१० जानेवारी
अनसूयेकडे. उजवा हात गळ्यात बांधलेला. सासूसमोर म्हणाली, जिन्यावरून पडले. मला पोचवायला खाली आली आणि माझा पदर धरला. "एकटी जाव नको गो खोली दाखवूक."

गिऱ्हाईक होतं. शिकलेला, गोड बोलणारा. रिकाम्या खोलीच्या दाराशी म्हणाला, सवाष्णीचं पाऊल आधी लागू दे, तुम्हीच व्हा पुढे. तिला बरं वाटलं, ती पुढे झाली. त्याने मागून दार ओढून घेतलं. त्यापुढे ती बोलली नाही.

येताना मनात आलं, मला कोण म्हणतंय पुढे व्हा. चला, वैधव्याचा एवढा तरी उपयोग. वाईट विचार, पण आला.

१३ जानेवारी
तरी झोप नीट नाही. समोरच्या चाळीतल्या यमुनेला गाठलं. तिच्या घरच्यांनी गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. पोरगी त्यांच्या पथकात लाठी शिकलेली. आमच्या मजल्यावर कुजबुज होणार, हिच्याकडे कशाला म्हणून. होऊ दे.

मी म्हटलं, लाठी शिकव. हसली. "वैनी, लाठी घेऊन खोली दाखवणार? गिऱ्हाईक जिन्यातूनच पळेल." आधी ओरडायला शिका म्हणाली. गच्चीवर उभं केलं. तोंड उघडलं, आवाज नाही. शेजारी काय म्हणतील या भीतीने हळूच ओरडले. हळूच ओरडणं ही माझीच विद्या.

१७ जानेवारी
यमुनेचे नियम. गिऱ्हाईक आत, आपण उंबऱ्याबाहेर. कुलूप कडीला लटकवून ठेवायचं नाही, रुमालात बांधून हातात ठेवायचं, वेळ आली तर तेच हाणायचं. मनगट धरलं तर मागे खेचायचं नाही, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला पिळून सोडवायचं. तिने इतकं घट्ट धरलं की वळ उठले. तिसऱ्या खेपेला सुटले.

आवाज उघडावा म्हणून संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घेऊन गेली. आयुष्यात पहिल्यांदा. आधी ओठ हलवत होते, मग काय झालं कोण जाणे. घसा बसलाय. फार बरं वाटतंय.

२१ जानेवारी
दादरची खोली, वरचा मजला, अगदी टोकाची. गिऱ्हाईक एक गृहस्थ, चाळिशीचे, शुभ्र धोतर, चष्मा. आईसाठी जागा हवी. मी कुलूप काढलं आणि नेहमीसारखी बाजूला झाले. तर म्हणाले, "तुम्ही मागे का? विधवा म्हणून? मला लाज वाटते आपल्या समाजाची. मी असलं मानत नाही. आधी तुम्ही व्हा पुढे."

मी आत गेले. रिकाम्या खोलीत माझं पाऊल पहिलं. डोळे भरून आले, खिडकी उघडायच्या निमित्ताने पाठ केली. हे गेल्यानंतर कुणी असं बोललं नव्हतं.

मागे वळले तेव्हा ते दारातच उभे होते, दार अर्धं लोटलेलं. तेवढ्यात शेजारीण पापड वाळत घालायला गॅलरीत आली. ते चष्मा पुसत बाजूला झाले. रविवारी पुन्हा बघायला येतो म्हणाले.

मोठ्या मनाचा माणूस.

२२ जानेवारी
यमुनेला सगळं कौतुकाने सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "दारात कोण होतं?"

ते.

"आणि कुलूप?"

कडीला. मी विसरले होते.

मला तिचा राग आला. कुणी मान दिला तर तोही हिला खुपतो. तसं बोलूनही दाखवलं. गेली निघून.

२३ जानेवारी
रात्रभर तेच. सवाष्णीला सवाष्ण म्हणून पुढे घातलं. विधवेला विधवा म्हणून...

सकाळी अनसूयेकडे गेले. चष्मा होता का विचारलं. मान खाली. मग म्हणाली, "शुभ्र कपडे गो. एकदम स्वच्छ." तसे तर दादरात शंभर सापडतील. आणखी विचारायला गेले तर ती चांगल्या हाताने पदर सावरत आत वळली. थांबले.

यमुनेच्या घरी गेले, चुकलं म्हटलं. तिच्या आईने चहा दिला. प्याले. आमच्या मजल्यावर कळलंच असेल.

२५ जानेवारी
चौकीत जायचं म्हटलं. जाऊन काय सांगू? साहेब, एका माणसाने माझा मान राखला, म्हणून तक्रार? शिवाय मोर्च्यांवर गोळ्या झाडल्यापासून पोलीस आणि आपली माणसं एकमेकांकडे बघतात कसे ते दिसतंच आहे.

रविवारी संयुक्त महाराष्ट्राची सभा. चाळीच्या चाळी रिकाम्या होतील, पापडवालीही जाणार. त्याने रविवारच का निवडला? की नोकरदार माणसाला रविवारच मोकळा?

मी नाही गेले तर किल्ली घरमालक दुसऱ्या दलालाला देणार. मग या माणसाला खोली दाखवायला जाईल कुणीतरी बाई, किंवा कुणाचीतरी बायको. मीच जाते. यमुना जिन्यात थांबेल.

२७ जानेवारी, रविवार
आले. तेच कपडे. चाळीत चिटपाखरू नाही. कुलूप काढलं, रुमालात घेतलं, उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

"या ना, आधी तुम्ही," ते म्हणाले.

"नको. विधवेचं पाऊल आधी नको. तुमच्या आईसाठी जागा आहे, अशुभ कशाला?"

मी हे स्वतःच्या तोंडाने बोलले. परळच्या सासूबाई म्हणाल्या तेव्हा जेवढं लागलं नव्हतं तेवढं लागलं.

ते हसले. "तुमच्यासारखी बाई असं मानते?"

"मानते."

ते आत गेले नाहीत. मीही हलले नाही. त्यांनी माझ्या हातातल्या रुमालाकडे बघितलं, मग चष्मा काढून पुसत राहिले, कितीतरी वेळ. खाली यमुना खोकली. तसे वळले आणि उतरून गेले. खोली आतून पाहिली नाही. भाडं, पागडी, नळाची वेळ, काहीही विचारलं नाही. आईचं नावही नाही.

की दुखावले? खरंच चांगला माणूस असेल तर मी आज त्याच्या तोंडावर काय फेकलं? एकटाच तर होता मला पुढे व्हा म्हणणारा.

२८ जानेवारी
माहीमला खोल्या दाखवणाऱ्या दोघींना त्या गृहस्थांबद्दल सांगून आले. एक हसली, एक नाही.

परत येताना दादरच्या चाळीखालच्या पानवाल्याने हाक मारली. काल ते गृहस्थ त्याच्याकडे थांबले होते. विचारत होते, या खोलीवाल्या बाई राहतात कुठे, घरी कोणकोण असतं.

"मग?"

"सांगितलं की. लालबाग, दुसरा मजला, एकट्याच असतात. चांगला माणूस वाटला, तुमच्याबद्दल फार आदराने बोलत होता."

यमुना आजपासून माझ्याकडे राहायला येतेय. मजल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. त्यांना म्हटलं, मी ओरडले तर धावून या. हो म्हणाल्या. पण तुम्ही तर कधी ओरडत नाही, म्हणाल्या.