दीड सेकंदाचा चेहरा

प्रिय ठकू,

हे पाचवं पान. आधीची चार फाडून झाली. आईनं केराची टोपली उचलून माझ्या खुर्चीशेजारी आणून ठेवली आहे, यावरून काय ते समज. दुपारचे तीन वाजलेत. दोनदा चहा झाला, पडदा ओढला, परत सारला, खुर्ची बदलून बघितली. बावीस वर्षं नुसतं बोलून पोट भरलेल्या माणसाला स्वतःच्या लेकीला चार ओळी लिहिता येऊ नयेत म्हणजे कमाल झाली! अकरा दिवस तू माझा फोन उचललेला नाहीस. अकरा दिवस सरावालाही गेली नाहीस, आणि शनिवारपर्यंत हो की नाही ते कळव असं प्रशिक्षकबाईंनी तुला सांगितलंय, हे सगळं मला आईकडून कळतं. माझा जीव थाऱ्यावर नाही.

अंतिम सामन्यातल्या त्या गोलमुळे तू खेळ सोडत नाहीयेस, एवढं मला कळतं. गोलरक्षक आहेस, गोल तुझ्यावर याआधीही झालेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घातलेस. तू सोडते आहेस ती टीव्हीवरच्या चर्चेच्या त्या मेल्या चित्रफितीमुळे. एका चौकोनात तुझ्या हातातून चेंडू निसटतोय, आणि शेजारच्या चौकोनात तुझा बाप डोळे मिटून मान फिरवतोय. सगळ्या गावानं पाहिली. माझा न्हावीसुद्धा वस्तरा हातात धरून त्याबद्दल बोलला, आणि मी गळ्याशी पातं असल्यामुळे गप्प बसलो.

आमची रेडिओची खोली तू लहानपणी पाहिली आहेस. भिंतींना करडा स्पंज, दोन माइक, एक काच आणि मास्तर. मास्तर म्हणजे निवृत्त कवायतशिक्षक, माझा बावीस वर्षांचा जोडीदार, कोपरांना भोकं पडलेला तोच तो स्वेटर घालून यायचा. मी खुर्चीवर मांडी घालून बसायचो. कोण बघतंय? तिथं काम एकच, ऐकणाऱ्याला दिसलं पाहिजे. चेंडू डाव्या बाजूनं गेला, ऊन समोरून येतंय, गोलरक्षक दोन पावलं पुढं आली आहे, हे सगळं आपणच सांगायचं. दर दहा मिनिटांनी गुणसंख्या परत सांगायची, कारण कुणीतरी आत्ताच गाडीत बसलेलं असतं. तीन सेकंद गप्प राहिलात तर लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. आणि फोनवरचे लोक! एक शिवणकाम करणाऱ्या बाई दर आठवड्याला मशीन थांबवून फोन करायच्या, आणि पंचाची अशी बिनपाण्यानं करायच्या की मास्तर टेबलावर डोकं ठेवून हसायचा. त्यांना कुणी मध्येच तोडत नसे, कारण माणूस पूर्ण बोलला तरच कार्यक्रम रंगायचा.

टीव्हीवर गेलो ती हौस माझीच होती. मास्तर नको म्हणाला होता. त्याला टीव्हीवाल्यांनीही नकोच सांगितलं, स्वेटर बघून. तिथं पहिल्या दिवशी तोंडाला पावडर फासली आणि बारीक रेघांचा शर्ट काढायला लावला, कॅमेऱ्यात रेघा नाचतात म्हणून. कानात एक बटण घातलं. त्या बटणात एक दिग्दर्शिका राहते. ती कधी दिसत नाही, मी तिला कानातली बाई म्हणतो. तिनं मला सांगितलं की गुणसंख्या सांगू नका, ती खाली लिहिलेली असते. चेंडू कुठं गेला सांगू नका, तो दिसतोच. मग मी करू काय? तर म्हणे, रागवा! चाळीस सेकंदांत मत मांडा आणि दुसऱ्याला मध्येच तोडा. चौघांचे चार चौकोन, खाली सरकती पट्टी, आणि आम्ही सगळे भाजीबाजारात ओरडावं तसे एकाच वेळी ओरडतोय. सगळ्यात मोठी गंमत मला उशिरा कळली. तिथं बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा जास्त असतो. बोलणारा तयारी करून आलेला असतो. ऐकणारा बेसावध सापडतो, आणि त्यांना तोच हवा असतो.

त्या दिवशी पट्टीवर लिहिलं होतं, चूक कोणाची? तुझ्यावर बोलायचं नाही असं मी आधी सांगितलं होतं. पण नुसतं सांगितलं होतं, पाय आपटला नव्हता. आम्ही रेडिओवर असतो तर तो गोल मी एकदा सांगितला असता आणि तो गेला असता हवेत विरून. इथं तो फिरत राहिला. मी मोजत होतो, सव्वीस वेळा. सव्वीस वेळा तू त्याच ओल्या गवतावर पडलीस. माझी पाळी आली तेव्हा मी बरोबर तेच बोललो जे खरं होतं. टप्पा वेडावाकडा पडला, मैदान भिजलेलं होतं, बचावातल्या मुलीनं चेंडू आधीच उडवायला हवा होता. एकही शब्द वावगा नव्हता. पण लोकांनी जी चित्रफीत पसरवली तिला आवाजच नाही! माझी सगळी बडबड पाण्यात, आणि उरला तो चेहरा.

दुसऱ्या दिवसापासून मी सारवासारव सुरू केली. आईला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, मास्तरला फोन करून सांगितलं, की बोलताना डोळे मिटायची मला सवयच आहे, रेडिओवरच्या माणसाला डोळे मिटल्याशिवाय मैदान दिसत नाही. मास्तर हो हो म्हणाला. फार पटकन म्हणाला. मग त्यानं विषय बदलून गुडघेदुखीचं औषध विचारलं. मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला, आणि दहा मिनिटं या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारल्या. आईनं शेवटी सांगितलं, एका जागी बस, नाहीतर बाहेर जा.

तुला फोन करत राहिलो तोही त्याच भरवशावर, एकदा माझा आवाज ऐकलास की विरघळशील. आठवतं, तू सात वर्षांची असताना तापानं फणफणली होतीस आणि मी रेडिओच्या खोलीतून फोनवर तुला एक अख्खा काल्पनिक सामना ऐकवला होता? तू खूश झालीस. मी मात्र तेव्हा काचेपलीकडच्या घड्याळाकडे बघून चरफडत होतो, कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून. नंतर तू आईला म्हणालीस, बाबा फोनवर जास्त चांगले असतात. ते वाक्य मी वर्षानुवर्षं हसून लोकांना सांगितलं. काल पहिल्यांदा हसू आलं नाही. आवाज मला हवा तसा वळवता येतो गं. तू फोन उचलत नाहीस ते शहाणपणाचंच करते आहेस.

तू आईकडे एकच प्रश्न पाठवला होतास, बाबांनी डोळे का मिटले? मी तिला सवयीचं उत्तर दिलं आणि तुला कळव म्हटलं. तिनं साफ नकार दिला. असलं काही पोचवायला मी तुमची पोस्टमन नाही, खरं काय ते स्वतः लिहा, म्हणाली. म्हणून हे पत्र. ठकू, सवय असती तर मी बोलताना डोळे मिटले असते. मी तेव्हा बोलत नव्हतो, ऐकत होतो. मला लाज वाटली. तुझी. शेजारी तीन माजी खेळाडू बसलेले, त्यांच्यात मी एकटाच कधी मैदानात न उतरलेला, आणि गोलरक्षकाचा बाप म्हणून कॉलर ताठ करून बसलेला. वाटलं, आता हे माझ्याकडे कसे बघतील? दीड सेकंद वाटलं, मग मी तोंड सावरलं. तू बरोबर ओळखलंस, चूक ओळखली नाहीस. मला त्याची जी शरम वाटते आहे ती कुठल्या आवाजात सांगू, मला माहीत नाही. माफ कर, किंवा नको करूस. पण खेळ सोडायचाच असेल तर कंटाळा आला म्हणून सोड, गुडघा दुखतो म्हणून सोड, दुसरं काही करावंसं वाटतंय म्हणून सोड. उभ्या आयुष्यात एकदाही चेंडूसमोर उभं न राहिलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून सोडू नकोस, मग तो तुझा बाप का असेना.

उत्तर नाही आलं तरी तुझाच,
बाबा