साहेबांच्या माशाचा चौरस आहार

९ फेब्रुवारी १९५७
श्रीधरने आज अकलेचे तारे तोडले. साहेब महिनाभर रजेवर चालले, म्हणून त्यांचा मासा काचेच्या टाकीसकट आमच्या पडवीत आणून ठेवला. तिलापिया म्हणे. वीतभर लांब, काळपट, तोंड आमच्या हेडबाईंसारखं. पिंपरीच्या कारखान्यात एवढी माणसं, साहेबांना नेमका माझाच भाऊ सापडला. "अक्का, मासा सुखरूप राहिला की नोकरी पक्की समज. कॉलनीत क्वार्टरसुद्धा."
म्हणजे हा आणि याची बायको नलिनी जाणार. चिंचवडच्या या घरात मी एकटी. ते कोणी बोललं नाही.

११ फेब्रु.
माशाला चौरस आहार द्या, असं साहेब सांगून गेलेत. श्रीधरने लावलेला अर्थ: कलेजी, सकाळ-संध्याकाळ. बाबा असते तर... सुरी वेगळी काढून दिली, पडवीच्या आत आणायची नाही. शाळेत चौथीच्या मुलींना मी चौरस आहारच शिकवते. निम्म्या कोऱ्या चहावर येतात.

१५ फेब्रु.
"एवढा मोठा मासा म्हणजे मांसच खाणार," इति श्रीधर, बी. एस्सी. नलिनी टाकीपुढे हात जोडून उभी. सुनेची इतकी भक्ती देव्हाऱ्याच्या वाट्याला कधी आली नाही.

१८ फेब्रु. संकष्टी.
मासा फुगलाय. तिरका पोहतो, कलेजी तोंडात घेऊन थुंकतो. नलिनी रडकुंडीला आली. "वन्सं, यांची नोकरी जाईल हो!" श्रीधरने काय करावं? कलेजी वाढवली. अशक्तपणा आलाय म्हणे!
मी पडवीत वह्या तपासत होते. मासा काचेवरचं शेवाळ चाटत होता, सारखा. कलेजीकडे ढुंकून बघेना. याला पाला हवाय. बैलाला कोणी मटण घालतं का?
पण बोलले नाही. मासा मेला तर क्वार्टर नाही, क्वार्टर नाही तर कोणी कुठे जात नाही. असं मनात आलं खरं.

१९ फेब्रु.
नाही बघवलं. सकाळी उठून कलेजी उकिरड्यावर टाकली. म्हटलं, "काल माझी चतुर्थी झाली, आजपासून याची."
श्रीधर ओरडला, "अक्का, उपाशी मारशील त्याला!"
"तू खाऊ घालून मारतोयस, तेवढाच फरक."

२३ फेब्रु.
पोट उतरलं. उकडलेला पालक, सोललेले मटार. मीठ नाही. अधाशासारखा तुटून पडला.

६ मार्च
रोज पाला. मधूनअधून नलिनी परसातलं गांडूळ घालते, तेव्हा मी तोंड फिरवते. चतुर्थीला कडक उपास. मला पाहिलं की टाकीत पुढे येतो. लाचार कुठला! श्रीधरही साहेबांना पाहून असाच येत असेल.

१७ मार्च
साहेब येऊन गेले. मासा बघून खूश. श्रीधर म्हणाला, "सर, रोज ताजी कलेजी दिली!" मी समोर चहा ठेवत होते. कप आदळला नाही, हीच माझी सभ्यता.
नोकरी पक्की. क्वार्टर पुढच्या महिन्यात. साहेबांची मुंबईला बदली झालीय, मासा श्रीधरला बक्षीस.

१९ मार्च. संकष्टी.
नलिनी भांडी बांधतेय. श्रीधर सकाळपासून माझ्याभोवती घुटमळत होता. शेवटी बोलला. "अक्का, तिथं टाकी ठेवायला जागा नाही. मासा तुझ्यापाशीच राहू दे. तुलाही तेवढीच सोबत."
सोबत! दोन जिती माणसं उचलून न्यायची आणि बदल्यात मासा ठेवायचा. लहानपणी याचं नाक मी पुसलं. इतकं रडू आलं की विहिरीवर जाऊन तोंड धुतलं.
अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. बाजारातून येताना पालकाची जुडी आणलीय, उद्यासाठी. आज दोघांनाही उपास.