चष्मा पुसणारा माणूस

बुधवार, संध्याकाळ

दादा,

नमस्कार. तब्येत जपत असशीलच. मी बरी आहे, कारखाना बरा आहे, गुडघा कुरकुरतो पण चालतो.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलायला लागलास की मला तुझं पटतं. लहानपणापासून पटत आलंय. म्हणून या वेळी तू गप्प बसून ऐकणार आहेस आणि मी बोलणार आहे. हे पत्र मी स्वतः येऊन तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवणार. बेल वाजवणार नाही.

तुला आठवत असेल, हे गेल्यावर दोन वर्षांनी तूच म्हणालास, "अशी एकटी किती दिवस राहणार? आता अ‍ॅपवर माणसं भेटतात. फक्त नीट बघून घे, तिथे एकेक लबाड बसलेले असतात." मला हसू आलं होतं. या वयात कसलं अ‍ॅप! पण पॅकिंगमधली चिमणी मागे लागली. चिमणी म्हणजे आमच्या कारखान्यातली माझी मैत्रीण, आवाज एवढासा म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. तिला कोणीतरी हवं होतं आणि भीती तर अशी, की फोन हातात घेतला तरी घाम फुटायचा. म्हणाली, "तू आधी बघ. तू पास केलंस तरच मी जाईन."

आता माझी नोकरी तुला माहीत आहे. गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा मशीनला लावायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा. जो सहज तुटला तो फेकायचा. अ‍ॅपही मी तसंच ओढून बघितलं. कॅलेंडरवरच्या एका बाईचा फोटो लावला, वय मनाला येईल ते टाकलं, आणि तीन ठिकाणी घुसले. दोघांनी तर पायघड्याच घातल्या. चहा संपायच्या आत चार जणांना मी आयुष्याची जोडीदार वाटायला लागले! तिसऱ्याने मात्र कॅमेऱ्यासमोर तोंड डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा केलं, ओळखपत्र मागितलं आणि मला सरळ हाकलून दिलं. एवढा अपमान होऊन मी कधी इतकी खूश झाले नव्हते. चिमणीला म्हटलं, हे घे, बिनधास्त जा. वर पन्नास सूचना दिल्या. कारखान्याचं नाव सांगायचं नाही, माझं तर मुळीच नाही, पहिली भेट चारचौघांत.

स्वतःचं नाव मात्र मी घातलं नाही. धीर झाला नाही.

गेल्या गुरुवारी कँटीनमध्ये चिमणी माझ्या शेजारी येऊन बसली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "एक जण आहे," म्हणाली. "विधुर आहे. निळी खूण आहे, म्हणजे चेहरा तपासलेला. ऐक ना, काय लिहितो." आणि तिने वाचून दाखवलं: "ती गेल्यापासून रोज सकाळी तिचा चष्मा पुसून ठेवतो. कोणी घालणार नाही हे कळतं. पण धूळ बसलेली बघवत नाही."

मी डबा बाजूला सरकवला, दादा. फोटो बघायच्या आधीच.

ते वाक्य माझं आहे. यांचं सगळं आटोपल्यावर तू माझ्याकडे राहिला होतास, तेव्हा मी ओट्याशी उभी राहून फक्त तुला सांगितलं होतं. चिमणीलाही नाही. पोटच्या मुलालाही नाही.

मग तिने फोटो दाखवला. तो मीच काढलेला. तुझ्या उजव्या हाताला वहिनी उभी होती. आता तिथे नुसती भिंत आहे.

मी काय केलं असेल सांग? "छान आहे," म्हटलं. पाणी प्यायले आणि मशीनवर जाऊन बसले. दिवसभर पट्टे तुटत होते आणि मी आकडे चुकीचे लिहीत होते. मनात एकच, कोणीतरी तुझा फोटो चोरला असेल. भलतंसलतं अ‍ॅप असतं तर मी तेच धरून बसले असते, अगदी शपथेवर. पण मीच ओढून, ताणून, खात्री करून निवडलेलं! तिथे दुसऱ्याचा चेहरा चालत नाही. तिथे तूच होतास.

शुक्रवारी मी चिमणीला खरं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. फक्त विचारलं, "मग तुझ्या अ‍ॅपने तपासलं तरी काय?" चेहरा तपासला गं बाई. घरी बायको जिवंत आहे का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि मलाही नाही. मी तिला म्हटलं होतं बिनधास्त जा. आता ती फोन पालथा ठेवून डबा खाते.

दादा, तू एकटा पडलास हे मला कळतं. बदली झाली, खोलीत चार भिंती, वहिनी पोरीच्या शाळेसाठी तिकडे. मला सांगायचंस. "धाकटे, कंटाळलोय" एवढं म्हणाला असतास तर मी रोज डबा घेऊन आले असते. पण तू जिवंत बायकोला मारून टाकलंस. आणि तिच्यासाठी रडायला माझं रडणं उचललंस. दुसरी गोष्ट मला जास्त लागली, हे लिहायची लाज वाटते, पण तसंच आहे. वहिनीला चष्मासुद्धा नाही रे!

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. रविवारी मी वहिनीकडे गेले होते.

ती चादरींच्या घड्या घालत होती. मी फोन पुढे केला. चिमणीने मला सगळं पाठवलं होतं, येत्या शनिवारी तुमचं भेटायचं ठरलंय तेही. वहिनीने सावकाश वाचलं, परत वर जाऊन वाचलं. हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "कशाने गेले म्हणे मी?"

मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही.

"आजारी होते की अचानक?"

ती उठली, पोरीला हाक मारून बाहेर खेळायला पाठवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. "तिला सांग, शनिवारची भेट रद्द करू नकोस," म्हणाली. "वाचनालयासमोरचं ते चहाचं दुकान ना? चार वाजता मी जाऊन बसते. आणि तू त्याला एक अक्षर कळवायचं नाहीस. मला बघताना त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय." मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

आणि आज बुधवारी बसून हे लिहितेय. म्हणजे बघ, वहिनीलाही एक माणूस भरवशाचं मिळालं नाही.

तू सुटावास म्हणून लिहीत नाही. तुझ्या हातात शुक्रवार आहे. रजा टाक आणि घरी जा. तिने तुला पकडायच्या आधी तिच्यासमोर उभा राहा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. तुला कसं कळलं ते विचारलं, तर माझं नाव सांग. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. ती माझ्याशी आयुष्यात बोलली नाही तरी चालेल. दार उघडेल का, माफ करेल का, मला ठाऊक नाही. पण तिला त्या दुकानात बसून तुझी वाट बघायला लावू नकोस.

फोन करू नकोस. मी उचलणार नाही. आणि अंगात ताप भरला, साहेबांनी थांबवलं, असलं काही चालायचं नाही. घरी गेला नाहीस, तर शनिवारी चार वाजता वहिनीच्या शेजारच्या खुर्चीवर मी असेन, आणि तुला मी ओळखणार नाही.

शुक्रवारपर्यंत तुझीच,
धाकटी