चौरंगाआधी बेंच

२९ जुलै

काल इथल्या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभेत शब्द दिला. गणपतीचा जुना चौरंग वर्षभर कोठीत पडून होता, तो वाळवीने खाल्ला. उचलायला गेलो तर पायच हातात आले. आमच्या मंडळाचा नियम असा की बाप्पाचं आसन बाजारातून आणायचं नाही, सभासदाच्याच घरी तयार व्हायचं. सेक्रेटरी गुरुप्रसाद लगेच म्हणाला, माझ्याकडे करून देतो. यंदा माझी बायको शरयू अध्यक्ष आहे, मंडळातली पहिली बाई, आणि हा गुरुप्रसाद तिच्याविरुद्ध उभा राहून पडलेला. चौरंग त्याच्या घरचा आला तर वर्षभर त्याचीच टिमकी. म्हणून मी हात वर केला. शरयूने वळून माझ्याकडे बघितलं. कौतुकानेच असावं.

चौरंग म्हणजे दोन दिवसांचं काम. स्थापनेला जवळजवळ महिना आहे. फक्त आधी सुतारकामाचा एक नीट बेंच हवा. ओट्याशिवाय कोणी स्वयंपाक करतं का? यूट्यूबवरचे सगळे मोठे कारागीर आधी बेंच करतात.

२ ऑगस्ट

नया बाजारातून एलव्हीएलच्या फळ्या आणल्या. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून दाबलेली फळी, म्हणजे इंजिनिअर्ड. साधं लाकूड पावसाळ्यात वाकतं, हे वाकत नाही. दुकानदाराने विचारलं, "चौखट बनवानी है?" मी त्याला वर्कबेंच समजावून सांगायला लागलो. त्याने दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

शरयू म्हणाली, यातून चौरंग सहज होईल. म्हटलं, घाई करू नये.

६ ऑगस्ट

ओसरीत फळ्या एकमेकींना चिकटवून बेंचाचा वरचा भाग केला. क्लॅम्प नाहीत. पण भारतीय माणूस अडत नाही. वर गव्हाचे डबे, भरलेला सिलिंडर, पाटा, वरवंटा आणि पुण्याच्या लेकीची पुस्तकांची ट्रंक ठेवली. चोवीस तास हात लावायचा नाही, असं ग्लूच्या डब्यावर लिहिलंय.

संध्याकाळी गॅस संपला. शरयू सिलिंडर मागायला आली. मी तिला डबा वाचून दाखवला. रात्री कचोरी खाल्ली. ती जेवली नाही.

९ ऑगस्ट, राखी

ग्लू अजून ओला. हवा दमट फार, माझा काय दोष. खाली अंथरलेला पेपर कायमचा चिकटला. खालच्या बाजूला आहे, कोण बघणार.

लेकीचा फोन. म्हणाली, "बाबा, पहले एक स्टूल तो बना लो." पुण्याला तीन वर्षं राहून मराठी सुधारेल असं वाटलं होतं.

१३ ऑगस्ट

आजपासून पहाटे पाचला उठायचं. बेंचाला पाय बसवले. कमरेइतकी उंची, एकदम शास्त्रशुद्ध. पण पाणसळ ठेवली तर तिच्यातला बुडबुडा ओसरीच्या मोरीकडच्या टोकापासून दूर पळाला. पाणसळ खोटं बोलत नाही. वरच्या अंगाचे दोन पाय थोडे थोडे कापत गेलो. दुपारपर्यंत बुडबुडा बरोबर मधोमध. वर खेळायची गोटी ठेवली, हलली नाही. शरयूला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "आणि चौरंग?" कलेची कदर हा स्वभावाचा भाग आहे.

पाचला उठणं उद्यापासून.

१६ ऑगस्ट

फळी पकडायचा लोखंडी वाइस कुरिअरने आला. बेंचाला पुढून बसवला. आता हा बेंच म्हणजे बेंच.

तेवढ्यात गुरुप्रसाद 'सहज' चहाला. नजर सारखी ओसरीकडे. "बळवंतराव, चौरंग कुठपर्यंत आला? दिसू तर द्या." शरयू चहाचा ट्रे घेऊन ओसरीच्या दारातच उभी राहिली. त्याने मान इकडे केली की ही इकडे, तिकडे केली की तिकडे. म्हणाली, स्थापनेआधी आसन दाखवत नाहीत. असा काही नियम मला तरी माहीत नव्हता. तो गेल्यावर मी तसं म्हटलं. तिने कप इतक्या जोरात ठेवला की कान तुटला.

२० ऑगस्ट

पॉलिशचा दुसरा हात. चेहरा दिसतो.

एक किरकोळ बाब. फळ्या संपल्या. उरलेल्या तुकड्यांत चौरंगाचा एक पाय होईल, ओढून ताणून दीड. उद्या नया बाजार.

२२ ऑगस्ट

नया बाजार राहिला. ज्याच्याकडून घेतल्या त्याच्याकडे माल नाही, आणि दुसऱ्याचा माल मला पटत नाही.

सकाळी शरयू ओसरीत येऊन खुर्चीवर बसली. आवाज अगदी शांत होता. तिचा असा आवाज मला आवडत नाही. म्हणाली, "अहो, होणार नसेल तर आज सांगा. आज सांगितलंत तर गुरुप्रसादला फोन करून मी स्वतः मान खाली घालीन. ऐन वेळी सगळ्यांसमोर घालायला लावू नका."

म्हटलं, होणार म्हणजे होणार.

ती माझ्याकडे बघत उठली. तिचा माझ्यावर विश्वास आहे.

२४ ऑगस्ट

फळी मिळाली. दुसऱ्याकडचीच, चालेल. चौरंगाचं काम अधिकृतरीत्या सुरू.

फळी बेंचावर ठेवली, करवत उचलली आणि हात थांबला. आरशासारखं पॉलिश. त्यावर पहिला ओरखडा पाडायला जीव होईना. बेंचावर गोधडी अंथरली, तर फळी सरकायला लागली. शेवटी फळी मोरीच्या कठड्यावर धरून कापली. कठडा अरुंद. फळी उभी फाटली.

बेंचावर मात्र एक रेघ नाही.

२६ ऑगस्ट, हरतालिका

चौरंगाचे दोन पाय तयार. एक डावा, एक जरा वेगळा. उद्या स्थापना.

शरयूचा निर्जळी उपास. दुपारी ती ओसरीत आली. मी म्हटलं, रात्रभर बसलो तर होईल. ती ऐकत नव्हती. तिने गोधडी काढली. बेंचावरून हात फिरवला. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग शेजारच्या संभाजीरावांना हाक मारली, उद्या सकाळी दोन-तीन माणसं घेऊन या, जड आहे.

मी म्हटलं, हा बेंच आहे. ती म्हणाली, "उद्या नाही."

जन्मात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं होतं.

२७ ऑगस्ट, स्थापना

फौजेतून निवृत्त झालेले संभाजीराव सारखे म्हणत होते, क्या चीज बनाई है बळवंतराव, तोफ ठेवा वर. मंडपात बेंच ठेवला. मुहूर्ताला थोडाच वेळ. शामलाकाकूंनी, त्या मंडळात सगळ्यांत वडील, आधी वर नारळ ठेवला. नारळ गडगडत निघाला तो थेट गुरुप्रसादच्या पायाशी.

तेव्हा मला कळलं. आमच्या ओसरीच्या फरशीला मोरीकडे उतार आहे, पाणी तुंबू नये म्हणून वडिलांनी मुद्दाम करून घेतलेला. मी त्या उतारावर बेंच सरळ केला होता. सपाट जमिनीवर तो पाय कापलेल्या अंगाला झुकत होता. शिवाय वर मखर, आणि कमरेइतक्या उंचीवर मूर्ती बसवली तर मुकुट मखर फोडून वर जाणार.

गुरुप्रसाद नारळ उचलून म्हणाला, "वहिनी, बाप्पा तर पडून जातील. आणि हा चौरंग आहे की काय आहे?"

शरयूचा चेहरा पांढरा पडला होता. कालपासून पाण्याचा थेंब नव्हता पोटात. मला वाटलं आता ती सांगणार, आणि सांगायलाच हवं होतं. ती म्हणाली, "चौरंगच आहे. पाय यांनी मुद्दाम लांब ठेवलेत, इथली जमीन बघून कापायचे म्हणून. अहो, करवत घ्या."

मी तिच्याकडे बघितलं. मग मंडपवाल्याची करवत घेतली आणि बेंच उताणा केला. पेपर चिकटलेली बाजू सगळ्यांनी वाचली. चारी पाय गुडघ्याखालपर्यंत कापले, माझ्याच हाताने, मापात. इतकं सरळ मी कधीच कापलं नव्हतं. रडू येत होतं, भुशामुळे आलं असं संभाजीरावांना सांगितलं.

नारळ हलला नाही. मुहूर्त साधला. शरयूने तोंडाला पाणी लावलं ते आरती झाल्यावर. गुरुप्रसादलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज मंडळाने ठरवलं की चौरंग कायम मंडळाकडेच. शामलाकाकू म्हणाल्या, ज्यावर देव बसला त्यावर पुन्हा करवत-हातोडा चालवत नाहीत. हा नियम मात्र खरा आहे.

मी खिशात पाना घालून गेलो होतो. बेंच गेला तर गेला, वाइस तरी सोडवून आणू. वाइसला हळदकुंकू लागलेलं होतं. जबड्यात मंडळाचा झेंडा घट्ट बसवलेला. शरयूने सगळ्यांना सांगितलंय की यांनी ते झेंड्यासाठीच केलंय. काकू त्याला हात लावून डोळ्यांना लावत होत्या. मला म्हणाल्या, बळवंता, एवढा विचार कोण करतो रे?

पाना बाहेर काढलाच होता. वाइसचे नट जरा सैल वाटले. आवळून दिले आणि घरी आलो.