आईच्या डाव्या हातची खुर्ची

ओडेन्से, १४ सप्टेंबर

प्रिय विबेके,

कशी आहेस? तुमच्या बेटावर आतापासूनच वारा सुटला असेल. आमचं इकडे बरं चाललंय. प्रेबेनचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा प्रेबेन जास्त कुरकुरतो. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून कोण गेलं म्हणून तू घाईघाईने शेवटची ओळ शोधशील, म्हणून आधीच सांगते. कोणी गेलेलं नाही. मला खुर्चीबद्दल लिहायचं आहे.

आईची ओकची खुर्ची, कागदी दोरीच्या बैठकीची. वाटणीत ती माझ्याकडे आली तेव्हापासून मी येईल त्याला सांगत आले, अशी वस्तू म्हणजे गुंतवणूक, हिचा भाव चढतच जाणार. मग तिला शोभेल असा दिवा घेतला, दिव्याच्या तोलाचा सोफा, सोफ्याला साजेसं टेबल. सगळं नामवंत रचनाकारांचं, खुर्चीसारखंच. दर वसंतात खुर्चीचं लाकूड साबणाच्या फेसाने पुसायचे, रेषांच्या दिशेने, आई पुसायची तसं. बसू मात्र कोणालाच दिलं नाही. प्रेबेन म्हणतो, "बोदिल, अख्ख्या डेन्मार्कला हेवा वाटावा अशी बैठकीची खोली आहे आपली, आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर म्हातारा झालो!"

वसंतात आम्ही लहान घरात जातोय, म्हणून खुर्ची लिलावाला द्यायची ठरवली. बैठक काळवंडली होती. नवी विणून घेतली तर बरी दिसेल, असं मीच ठरवलं आणि गावाबाहेर गुद्रुन नावाच्या विणकर बाईकडे घेऊन गेले. ऐंशीच्या पुढची, पण हात चिमट्यासारखे.

"ही बैठक कापायची म्हणून कोणी सांगितलं तुला?" ती म्हणाली.

"कोणी नाही. मळली आहे म्हणून."

"मळली आहे! तू तरी कुठे कोरी करकरीत आहेस? तुला कापू का?"

तिने खुर्ची उलटी केली आणि चष्मा चढवला. बराच वेळ काठाकाठाने अंगठा फिरवत राहिली. मग विचारलं, "माहेरचं नाव काय तुझं?" मी सांगितलं. "म्हणजे आस्ताची मुलगी!"

विबेके, ती आईच्या शेजारच्या बाकावर बसायची! नऊ वर्षं. खुर्च्यांच्या कारखान्यात सगळ्यांनी एकाच बाजूने विणायचं असा नियम होता. आई डावखुरी. मुकादम समोर असेपर्यंत उजव्या हाताने विणायची आणि त्याची पाठ वळली की डाव्याने. ही खुर्ची अख्खी डाव्याने विणून झाल्यावर मुकादमाच्या लक्षात आलं की सगळे फेरे उलटे गेलेत. त्याने ती दुकानात पाठवायची नाही म्हणून बाजूला काढली, आणि आईने सायकलच्या मागे बांधून घरी आणली. आपण तिच्यावर बसून गृहपाठ केला, भांडलो, आणि आईने आपल्याला यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

"शंभर मीटरच्या वर दोरी आहे ही," गुद्रुन म्हणाली. "पन्नास वर्षं झाली. घाल बघू बोट दोन फेऱ्यांच्या मध्ये."

बोट सोडच, नखसुद्धा शिरेना. मी जमिनीवर गुडघे टेकून बघत बसले. एकेक फेरा दुसऱ्याला इतका चिकटून, इतका सरळ! एवढी वर्षं त्या खुर्चीकडे पाहून मला फक्त ती ज्याने कागदावर काढली त्याचं नाव आठवायचं. आणि ती माझ्या आईने अशी विणली होती! देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसा माझा आला.

तेवढ्यात गुद्रुनने विचारलं, "आणि आत हा हिरवा ठिपका कसला गं?"

आता लिहिते. इतका वेळ टाळत होते.

वाटणीच्या दिवशी हव्या त्या वस्तूवर लावायचे तुझे चिकट ठिपके हिरवे होते, माझे लाल. फासे तुझ्या बाजूने पडले, पहिली निवड तुझी, आणि तू पहिला ठिपका खुर्चीच्या मागच्या पायावर लावलास. मग तू कॉफी करायला आत गेलीस. मी तो खरवडून काढला आणि माझा लावला. तू आल्यावर म्हणाले, "तू घड्याळ घेतलंस ना पहिलं?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "असेल."

मला वाटलं, पचलं.

आणि बैठकीखाली, चौकटीच्या आतल्या अंगाला, तू त्याच दिवशी दुसरा ठिपका लावून ठेवला होतास. त्यावर तुझं मुंगीसारखं अक्षर: "घे, बोदिल."

म्हणजे तुला कळलं होतं. कळूनही दिलीस. त्या नाताळात जेवायला बोलावलंस, मग दोनदा फोन केलास, आणि मला दर वेळी वाटायचं, आता विचारणार. मी प्रेबेनचा गुडघा पुढे करत राहिले. तेव्हा तो ठणठणीत होता. लोकांना सांगत आले की विबेके रागावून तुटली. तू कुठे तुटलीस? मीच तोंड लपवून बसले होते. मला तुझ्यापुढे फार लाज वाटते, आणि लाजेपेक्षाही आश्चर्य वाटतं की एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली, तू अशी कशी झालीस.

गुद्रुनने विचारलं, "मग, कापू?" मी खुर्ची सुलटी करून उचलली.

खुर्ची विकणार नाही. ती माझी नाहीच तर विकणार कशी? शनिवारी सकाळच्या बोटीने ती घेऊन तुझ्याकडे येतेय. आधी फोन कर, असं प्रेबेन म्हणतो. फोनवर मला खोटं बोलता येतं, म्हणून करत नाही. तुला जे म्हणायचं असेल ते दारातच म्हण, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल. खुर्ची मात्र आत घे. मला घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी चोर,
आणि तुला अजून हवी असेन तर बहीण,
बोदिल