अंगठ्याचं नख

नांदुरा, शनिवार संध्याकाळ, जानेवारी १९६३

वहिनीनं काल माझी बोटं कोमट पाण्यात भिजवली, लिंबू घासलं आणि नखांना लाल पॉलिश लावलं. हरभऱ्याची भाजी खुडून काळ्या पडलेल्या अंगठ्याच्या नखाला तर दोनदा लावलं.

आज मला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं माझा हात धरला अन् नखंच पाहत राहिली. म्हणाली, "आमचा भाजीचा मळा हाये बाई. आमाले असे हात काय कामाचे?"

  पॉलिशखाली नख काळं आहे हे मी काऊन नाही सांगितलं? मुलगा तर मनात भरला होता!

पाहुणे आज काकाकडे मुक्कामी आहेत. मी आत्ताच ब्लेडनं अंगठ्याचं पॉलिश खरवडलं. नख अजून काळंच आहे, बरं झालं. सकाळी त्यांचा चहा मीच नेणार. बशी याच अंगठ्यानं धरीन.